फिलूने जिवाची राखण केली नाही

फिलूच्या नंबरावरून भल्या सकाळी फोन आला, तेव्हा मला वाटलं, मायकल गेला. मायकल म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, फिलूचा, दुसरा नवरा. दोन्ही किडन्या निकामी, डायलिसिसवर दिवस काढणारा. फोन उचलेपर्यंत तिला काय बोलून सावरायचं, याची जुळवाजुळवसुद्धा मी केली होती. आणि फोनवर मायकलच होता. "लूसीबाय, फिलू गेली... झोपेतच." कोण गेलं, असं मी त्याला पुन्हा पुन्हा विचारत राहिले. आता चर्चमध्ये तिच्यासाठी महिन्याची मिस्सा होऊन गेली, तरी तो गोंधळ डोक्यातून पुरता गेलेला नाही.

आम्ही ठाण्याच्या जुन्या गावठाणातल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी ख्रिस्ती. फिलूचा पहिला नवरा वागळे इस्टेटमध्ये फिटर होता, कॅन्सरने हाल हाल होऊन गेला. त्या वेळी फिलूच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तिला लहान मुलासारखं भरवलं ते मी. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर ती चर्चच्या क्वायरमध्ये व्हायोलिन वाजवणाऱ्या मायकलशी लग्न करायला निघाली, तेव्हा मी तोंडाचा पट्टा सोडला. "डायलिसिसवरचा माणूस हाय तो. पुन्हा रडायची हौस हाय का तुला?" ती भाकरीचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "जीव देवानं दिलाय बाय, राखण त्यानंच करावी. मी कशाला दाराशी काठी घेऊन बसू?" मी स्वतः लग्न केलं नाही, साधं मांजर पाळलं नाही, कारण कुणी गेलेलं मला सोसत नाही. मला ते शहाणपणच वाटत आलं आहे.

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि त्याने नवरीला न्हाऊ घालतात. विधवेच्या लग्नाला ते आणायचं की नाही, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्या मावश्या वाद घालत बसल्या, शेवटी मला फादरना विचारायला पाठवलं. फादर म्हणाले, याबद्दल बायबलात काही नाही, तुमचं तुम्हीच ठरवा. तोवर फिलू एकटीच कळशी घेऊन विहिरीवर गेली, अंगावर पाणी ओतून घेतलं आणि ओलीचिंब परत आली. "झाली अंघोळ," ती म्हणाली, "आता भांडत बसा." मावश्या हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी लग्नाची गाणी धरली. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

लग्नानंतर ती सुखात होती, हेच मला आता छळतं. जिच्या काळजीने आम्ही सगळे धास्तावलो होतो ती गेली, आणि ज्याच्यामुळे धास्तावलो होतो तो मागे उरला. मग देवाने राखण केली ती कुणाची? दुसरं वैधव्य तिला दाखवलं नाही, ही त्याची दया म्हणायची? मग मायकलचं काय? माझं काय? मिस्सेत प्रार्थना म्हणताना मी मध्येच अडखळते. राग आहे, पण तो फिलूवर की देवावर, तेही धड सांगता येत नाही.

मायकलला मूलबाळ नाही. डायलिसिसला फिलू त्याच्याबरोबर जायची, आता मी जाते. पहिल्या खेपेला मी पेपर घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. नर्स येऊन म्हणाली, "मावशी, आत या ना. सुया टोचताना ताई त्यांचा दुसरा हात धरायच्या. आज ते दाराकडेच बघतायत." मी आत गेले. मायकल ओशाळून म्हणाला, "लूसीबाय, तू नको येत जाऊ. माझा काय भरवसा... तुला उगाच जीव लागेल." त्याचं काही खोटं नव्हतं. खुर्ची पलंगापासून लांब होती, ती मी जवळ ओढली. देवाला मनातल्या मनात म्हटलं, तुझं मला काही कळत नाही, पण आता माझ्याही जिवाकडे तूच बघ. आणि मायकलचा हात हातात घेतला.