पुसलेल्या श्वासखुणा

अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत असताना मी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत, तळघरातल्या संग्रहात काम करायचे. जुन्या इटालियन ऑपेरांची नोटेशनची पुस्तकं होती ती. त्यांची धूळ झाडायची, पानांवरचे डाग मऊ रबराने पुसायचे. मला त्यातला एकही सूर वाचता येत नव्हता, पण काम हातचं राखून करणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही. लहानपणी वर्ष संपलं की माझी शाळेची पुस्तकं धाकट्या भावाकडे जायची, म्हणून आई मला पेन्सिलीची रेघन् रेघ पुसायला बसवायची. त्याच सवयीने मी एका पुस्तकातल्या पेन्सिलीच्या सगळ्या खुणा पुसल्या. पानं कशी लख्ख! स्वतःवर खूषही झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेच पुस्तक उघडलं, तर कुणीतरी माझ्या कानामागे श्वास घेतला. खोल, घाईचा, गाण्याआधी घेतात तसा. वळून बघितलं तर नुसती कपाटं. पान उलटलं, पुन्हा श्वास. पाचावर धारण बसली माझी.

पुस्तक घेऊन धावत बॉसकडे गेले, तर ती पानं बघून तिचाच चेहरा पडला. त्या खुणा एका गायिकेच्या होत्या, गाताना कुठे श्वास घ्यायचा त्याच्या. तिचं एकही रेकॉर्डिंग नाही. मुलगी चार वर्षांची असताना ती गेली. आणि तीच मुलगी, आता ऐंशीची, शुक्रवारी आईच्या खुणा बघायला येणार होती. करायला गेले एक अन् झालं भलतंच! बाथरूममध्ये जाऊन मी ढसाढसा रडले.

शुक्रवारी त्या आजींना मी सगळं सांगून टाकलं, श्वासाचंही. वेडी म्हणतील म्हणून मान खाली घातली. पण त्या ओरडल्या नाहीत. माझ्या हातात पेन्सिल देऊन म्हणाल्या, "ऐकू येईल तिथे खूण कर."

मी पानं उलटत गेले. श्वास आला की खूण. मानेवरचे केस हलत होते, पण आजी इतक्या जवळ सरकून बसल्या होत्या की मध्येच उठायची सोय नव्हती. शेवटची खूण झाली. पुन्हा पहिल्या पानावर गेले, कान देऊन थांबले. काही नाही. सुटले बाई एकदाची, असं वाटलं मला.

"आता काहीच ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"मलाही आता येत नाही," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी रबर माझ्यापुढे सरकवलं. "पूस ते सगळं."