शेवंताकाकूंच्या पाटीवरची लाल ओळ

मूर्खपणा करायला शिक्षण लागत नाही, असं वाटतं ना तुम्हाला? मग चहा घ्या आणि ऐका. मी तो करायला चार वर्षं परदेशात शिकून आलेय!

आता काय सांगू, चित्रकला शिकताना एका रंगाच्या कंपनीवर माझी अक्षरशः भक्ती जडली. जुनी, नावाजलेली कंपनी. पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात, एकाच कारखान्यात रंग बनवणारी. आणि माझ्या शेवटच्या वर्षी तिनं तो कारखाना उचलून थेट दुसऱ्या देशात नेला! का? तर म्हणे तिथं स्वस्त पडतं.

मी पेटलेच. नाव तेच, ट्यूब तीच, पण आतला जीव गेला, असं जो भेटेल त्याला सांगत सुटले. दुकानात जायचं, ट्यूब उलटी करायची, बुडाशी देशाचं नाव वाचायचं आणि नाक मुरडून परत ठेवायची. रंग उघडून बघायचा? छे! गरजच काय?

जुन्या कारखान्याची एकच लाल ट्यूब उरली होती. ती कपड्यांच्या घड्यांत जपून मी गावी उत्रोलीला परतले. बाकीचे रंग नाइलाजानं नव्या कारखान्याचेच घेतले होते.

आमच्या शेजारी शेवंताकाकू राहतात. आपल्या शेतातला इंद्रायणी तांदूळ भोरच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून विकतात. सगळा धंदा ओळखीवर. लोक वजन बघत नाहीत, काकूंचं तोंड बघून पिशवी उचलतात.

नवा तांदूळ यायच्या सुमाराला काकू म्हणाल्या, "पोरी, तू एवढी चितरं काढती, मला एक पाटी रंगवून दे की. निस्तं नाव टाक. लई काय नगं."

लई काय नगं! हे मला सांगून उपयोग आहे का?

मी पिवळ्या पाटीवर नव्या निळ्या रंगात 'शेवंताकाकूंचा इंद्रायणी' असं झोकदार लिहिलं. मग खाली रिकामी जागा दिसली आणि माझ्यातला क्रांतिकारक जागा झाला. ती पवित्र लाल ट्यूब काढली आणि पुरवून पुरवून, पातळ हात मारत लिहिलं: 'पिकवला उत्रोलीत, भरडला उत्रोलीतच! माल बाहेर पाठवत नाही!'

काकू शेतात होत्या. मी त्यांच्या लेकाच्या, दत्तादादाच्या, मदतीनं पाटी टांगूनही टाकली. तो घाईत होता, पाटी न वाचताच गेला.

संध्याकाळी काकू आल्या. एकेक अक्षर लावत वाचलं आणि मटकन पोत्यावर बसल्या.

"आगं बये! आपलं भात तर भोंगवलीला जातंय भरडायला!"

"भोंगवलीला? का?"

"हितल्या गिरणीत लई कणी पडती, म्हून. गेल्या सालापासनं तिकडंच नेतोय. आख्ख्या गावाला ठावं हाय!"

आख्ख्या गावाला ठाऊक होतं. गाव वाचवायला आलेल्या मला तेवढं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी भोरचे एक निवृत्त गुरुजी स्कूटर थांबवून पाटी वाचू लागले. दहा वर्षांचं गिऱ्हाईक.

"काय शेवंताबाई, परवा तुमचा दत्ता भोंगवलीच्या गिरणीवर दिसला. तांदूळ नुसता गिरणी दाखवायला नेला होता का?"

काकूंचा चेहरा उतरला. आयुष्यात खोटं न बोललेली बाई माझ्यामुळं लबाड ठरत होती!

दत्तादादा लगेच ऑइलपेंटचा डबा घेऊन आला. "आत्ता फासतो त्या वळीवर."

काकूंनीच त्याचा हात धरला. "आरं, पोरीनं जीव लावून काढलंय. ऱ्हाऊ दे. तिची ती करंल काय ते."

इतकी माया! तिथंच शहाणपण सुचायला हवं होतं. पण मी काय केलं? ती ओळ झाकायलाही जुन्याच कारखान्याचा पिवळा हवा म्हणून अडून बसले! पुण्यापासून परदेशापर्यंत सगळीकडे विचारलं. मिळेना. तोवर काकू रोज येईल त्याला सांगायच्या, "वळ चुकलीया. भात भोंगवलीला भरडलाय. हितं शिजवलाय, आधी खाऊन बगा." आणि गिऱ्हाइकाच्या हातावर मूठभर गरम भात ठेवायच्या.

होळीच्या आसपास एक दिवस बघते तर काय! लाल ओळ फिकट गुलाबी झालेली. आठवड्याभरात दिसेनाशीच. वरचं निळं नाव मात्र ठणठणीत.

मला जुन्या लालवर शंका आली का? मुळीच नाही! माझ्या हातून ट्यूबा बदलल्या असणार, लाल नव्या कारखान्याचा असणार, असं मी ट्यूबचं बूडही न बघता ठरवूनच टाकलं. कंपनीला जळजळीत ईमेल ठोकला: 'कारखाना हलवलात आणि अब्रू घालवलीत!' शिवाय सगळ्या चित्रकार मित्रांना त्याची प्रत.

चार दिवसांत एका बाईंचं अत्यंत नम्र उत्तर आलं. ट्यूबच्या बुडाचा फोटो पाठवाल का? मी पाठवला. ट्यूब जुन्याच कारखान्याची निघाली. त्यांनी लिहिलं होतं, हा जुना लाल उन्हात मुळीच टिकत नसे, तशी सूचना ट्यूबवरच आहे. कारखाना हलवताना आम्ही त्यातलं रंगद्रव्य बदललं, आता तो टिकतो. सोबत नव्या लालची एक ट्यूब भेट पाठवत आहोत.

ट्यूब फिरवून पाहिली. सूचना होती. मोठ्या अक्षरांत. इतके दिवस मी फक्त बूड वाचत होते!

मित्रांना माफीची मेल पाठवली आणि काकूंकडे जाऊन सगळं कबूल केलं. मान वर होईना. काकूंनी आधी चहा टाकला, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"रडती कशाला? भात खाऊन गिऱ्हाईक वाढलंच की! गुर्जी तर दोन पोती घेऊन गेलं."

खरं सांगते, त्या कपभर चहाइतकं ऋण माझ्यावर कशाचंच नाही. अंगात पुन्हा बळ आलं. म्हटलं, "काकू, नवा टिकाऊ लाल आलाय. भोंगवलीचं खरं खरं लिहून देऊ का?"

काकूंनी पाटीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"लिही की. पर त्यो जुनाच रंग घे. तू लिवणार म्हनल्यावर, आपसूक जायाची सोय पायजेल बाई!"