एका शब्दाची शिक्षा

विनायक गेल्याचं मला दूधवाल्याने सांगितलं. "अंकलजी, विनायकजी उठ ही नहीं रहे," तो दारातून ओरडला आणि मी चपला न घालताच धावलो. जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यात आमचा चाळीस वर्षांचा शेजार.

बँकेतून निवृत्त झाल्यावर विनायकने पुराणातल्या एका ऋषीवर मराठी कादंबरी लिहायला घेतली. हल्ली अशा कादंबऱ्यांचं पेवच फुटलंय, आणि त्यातला बाप एक तर देव, नाही तर दगड. मी चिडवायचो, "तुझा ऋषी यातला कोणता?" तो म्हणायचा, "चुकलेला." त्याचा ऋषी मुलाला शाप देऊन आश्रमाबाहेर घालवतो आणि जन्मभर झुरतो. हे कोणाबद्दल आहे ते मला ठाऊक होतं. मंदार बारावीत नापास झाला तेव्हा विनायकने आपल्या या एकुलत्या मुलाला जवळच्या पाटण गावी मामाच्या बियाण्यांच्या दुकानात बसवलं आणि वर्षभर त्याच्याशी चकार शब्द बोलला नाही. मग त्याला पुढे शिकवलं, तो नोकरीला हैदराबादला गेला, पण ते वर्ष विनायकला सलत राहिलं. तोंडाने माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं. म्हणून ऋषीच्या तोंडी घातलं, 'बाळा, तुला शिक्षा दिली, हीच माझी घोडचूक.' त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून पुस्तक मंदारला हैदराबादला पाठवलं.

उत्तर आलं नाही. हळूहळू फोनही थांबले. "काहून बोलत नसेल रे तो?" विनायक विचारायचा. पुढे एकदा म्हणाला, "चलो, नाही केलं माफ त्यानं." मीही होकारार्थी मान हलवली... त्या मान हलवण्याचा आज मला संताप येतो.

तेरवीला मंदार माझ्याजवळ येऊन बसला. "काका, मला शिकवलं याचा बाबांना इतका पस्तावा होता? रेघ मारलेली ओळ वाचली अन् पुस्तक मिटलं; साफ लिहिलं होतं, तुला शिक्षा दिली ही चूक. मी जबलपूरला परत नाही आलो म्हणूनच ना?"

क्षणभर मला काही कळेना. मग डोक्यात उजेड पडला. पोरगा हिंदी शाळेत शिकलेला, त्याच्या लेखी शिक्षा म्हणजे शिक्षण. घरी आम्ही सगळे 'सजा'च म्हणतो, विनायकही म्हणायचा. पुस्तकात मात्र त्याला शुद्ध मराठी हवी होती.

"अरे, मराठीत शिक्षा म्हणजे सजा," मी म्हटलं. "तो माफी मागून राहिला होता तुझी."

"तीन वर्षं मी नाराज राहिलो, काका... बाबांना काय वाटलं असेल?"

"काही नाही रे. कामात असशील, म्हणायचा," मी खोटं बोललो.