खालच्या घराची सही

श्री. नेमिनाथ हेरवाडे साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते भर दुपारी रस्त्यावर पाणी ओतत होते. कसबा बावड्याच्या एका नव्या कॉलनीत, नुकत्याच झालेल्या डांबरी रस्त्याच्या मधोमध. हातात पत्र्याची बादली, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, डोक्याला टॉवेल. मी गारगोटीहून सकाळच्या एसटीनं आलेली, हातात नेमणुकीचं पत्र, अंगावर इस्त्रीची नवी साडी. ऑफिसात चौकशी केली तर "साहेब साइटवर" एवढंच कळलं, म्हणून विचारत विचारत तिथवर पोचले होते. समोरचे गृहस्थ कुणाच्या तरी बंगल्याचे राखणदार असावेत असं समजून मी त्यांनाच पत्ता विचारणार, तोच ते ओरडले, "ओ पावणं, बाजूला व्हा की! पाण्याला वाट द्या!"

मी टुणकन बाजूला झाले. पाणी माझ्या नव्या चपलांना शिवून कडेच्या गटारात गेलं. हेच साहेब, हे त्या आवाजावरूनच कळलं. मी ओळख सांगून पत्र पुढं केलं, पण त्यांचे हात ओले होते, त्यांनी ते घेतलं नाही. "अभियंता हाय न्हवं? मग सांगा, पाणी कुठं थांबलं?" मला कुठंच थांबलेलं दिसेना. त्यांनी बोट दाखवलं. एका कडेला ताटाएवढं पाणी साचलं होतं. "ह्या जागी पावसाळ्यात खड्डा पडणार. बसा, खडूनं गोल काढा." सरकारी नोकरीतलं माझं पहिलं काम म्हणजे इस्त्रीच्या साडीत उकिडवं बसून एका डबक्याभोवती काढलेलं ते वर्तुळ. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढं शिकून हेच?"

यंदा साहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या कार्याविषयी माझ्याहून थोर माणसं लिहिणार आहेत. मला लिहायचं आहे ते एका सहीविषयी. ती सही माझी आहे, आणि ती खोटी आहे. ते सांगितल्याशिवाय साहेबांचा मोठेपणा मला सांगता येणार नाही, म्हणून वाचकांनी थोडं सांभाळून घ्यावं.

पण आधी त्यांच्या वहीबद्दल. आमच्या शहरात रस्ता करणारे वेगळे, पाण्याची पाइप टाकणारे वेगळे, गटारवाले वेगळे, केबलवाले तर कुणाचेच नव्हेत. रस्ता गुळगुळीत झाला, लोकांनी नारळ फोडला, की पुढच्या आठवड्यात कुणीतरी कुदळ घेऊन हजर. साहेबांना याचा भारी राग. मोठ्या ग्रंथांतली प्रमाणं त्यांना पाठ होती, पण ते म्हणत, "पुस्तक लिवणाऱ्यानं आपली काळी माती बघितलेली न्हाय. उन्हाळ्यात भेगाळती, पावसात फुगती, आणि नदी चढली की गटारातलं पाणी उलटं येतंय." म्हणून त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक वही लिहिली. गल्ली किती रुंद असली तर गटार कोणत्या अंगाला, पाण्याची पाइप त्याच्या समोरच्या अंगाला, किती खोल, चेंबरचं झाकण रस्त्याशी कसं समपातळीत, सगळं आकृत्यांसह. साधी भाषा. मुकादमाला वाचून दाखवली तर त्याला कळेल अशी. कळली नाही तर साहेब मुकादमाला दोष देत नसत, घरी जाऊन ते वाक्य पुन्हा लिहीत.

त्या वहीतला एक नियम रिकाम्या पाइपचा होता. डांबर पडण्याआधी रस्त्याखालून आडवी एक रिकामी पाइप टाकून ठेवायची आणि कडेच्या दगडावर फुलीची खूण करायची. पुढं कुणाला वायर न्यायची झाली तर त्यातून न्यावी, रस्ता फोडू नये. पुष्कळांनी याची थट्टा केली. रिकाम्या पाइपचे साहेब, असंही नाव पडलं. काही वर्षांनी केबलवाल्यांची टोळी ब्रेकर घेऊन आली, तेव्हा आमच्या रंगराव मुकादमांनी कडेच्या दगडावरची माती बोटानं झाडून फुली दाखवली. अर्ध्या दिवसात वायर पलीकडं गेली. गल्लीतल्या लोकांना काही झाल्याचं कळलंसुद्धा नाही.

दुसरा नियम चेंडूचा, आणि माझी गोष्ट इथंच सुरू होते. नवी ड्रेनेजची पाइप टाकली की चर बुजवण्याआधी वरच्या चेंबरातून एक लाकडी चेंडू सोडायचा, मागून पाणी ओतायचं. चेंडू पाइपच्या आतल्या मापाहून थोडाच लहान. तो खालच्या चेंबरात बाहेर पडला तर पाइप सरळ आणि साफ. नाही आला तर आत काहीतरी अडलंय. हे चेंडू साहेबांनी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून सागवानाचे करून घेतले होते. चेंडू आला की रजिस्टरात "चेंडू निघाला" असं लिहून अभियंत्यानं सही करायची. साहेब सांगत, "सही म्हंजे काय? मी तिथं हुतो, मी बघितलं. बाकी काय न्हाय."

माझी गोष्ट घडली त्या वर्षी बावड्याच्या एका गल्लीत साहेबांच्या वहीप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत काम चाललं होतं. बाहेरगावचे वरिष्ठ अभियंते ती गल्ली बघायला येणार होते. त्यांना पटलं तर वही सगळ्या शहराला लागू होणार होती. साहेबांची कित्येक वर्षांची मेहनत त्या एका गल्लीवर ठेवलेली. आणि नेमके चेंडू सोडायच्या दिवशी साहेब भाच्याच्या लग्नाला कागलकडं गेलेले. साइट माझ्या ताब्यात.

गल्लीतही लग्न होतं. नवरीची गाडी दारात यायची आणि दारात आमचा उघडा चर. नवरीचे वडील हात जोडून उभे, बायका गच्चीवरून बोलतायत. त्या मापाचा चेंडू शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कामावर गेलेला, तो यायला दिवस मावळणार. रंगराव म्हणाले, "मॅडम, पाइप कोरी करकरीत हाय, त्यात काय अडकतंय? बुजवून घेऊ. चेंडू उद्या सोडू की." मी चर बुजवायला सांगितला आणि रजिस्टरात "चेंडू निघाला" लिहून सही ठोकली. उद्या सोडायचाच होता. उद्या दुसरं काम निघालं. परवा खडी पडली, नंतर डांबर. मग साहेबांना सांगायची लाज वाटू लागली, आणि लाज वाटू लागली की दिवस फार भराभर जातात.

पाहुणे यायच्या आठवड्यातच फोन आला. गल्लीच्या खालच्या टोकाला आक्काताईंची पिठाची गिरणी होती. घरातच पुढच्या खोलीत. आम्ही पोचलो तेव्हा मोरीतून उलटं आलेलं घाण पाणी गिरणीत पसरलेलं आणि आक्काताई दारात भिजलेली पोती ओढत होत्या. पीठ आणि मैला एकत्र. तो वास मी अजून विसरलेले नाही. "बघा साहेब, गिऱ्हाइकांचं दळप गेलं सगळं! उद्या माझ्याकडं कोण जवारीचा डबा आणंल?"

साहेबांनी रजिस्टर मागवलं, माझी नोंद वाचली आणि म्हणाले, "चेंडू तर निघालाय. लोकं काय बी टाकत्यात, चिंध्या, नारळाच्या शेंड्या. वरच्या घरांस्नी विचारू." त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला. तेवढ्यावर मी सुटत होते. गप्प बसले असते तर वरच्या दहा घरांवर ढकलून मोकळी झाले असते. पण आक्काताईंच्या हातातलं ते पोतं बघवेना. मी म्हटलं, "साहेब, मी चेंडू सोडलाच नव्हता."

साहेबांनी रजिस्टर मिटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते रंगरावांना म्हणाले, "रस्ता तोडा." रंगराव चाचरले, "साहेब, पावणं येणार हायत." "पावण्यांसाठी गटार तुंबवून ठिवायचं व्हय? तोडा."

त्यांचा तो नवाकोरा रस्ता, ज्याला पुन्हा कधी कुदळ लागणार नाही असं ते सांगत होते, तो त्यांनी उभं राहून फोडून घेतला. पाइपच्या सांध्यातून आत गेलेला सिमेंटचा एक गोळा निघाला, त्याला अडकलेला गोणपाटाचा तुकडा. चेंडू सोडला असता तर त्याच दिवशी सापडला असता. आक्काताई कडेला उभ्या राहून सगळं बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "साहेब, वरच्या धा घरांचं सगळं येतंय माझ्या दारात. सही करणारीच्या दारात येतंय काय? मग सही माझी घ्या की! मी बघतो चेंडू आलाय का न्हाय ते."

साहेबांनी खिशातून वही काढली आणि तिथंच मातीच्या ढिगाऱ्यावर बसून लिहून घेतलं. अभियंत्याच्या सहीखाली त्या लाइनीवरच्या सर्वांत खालच्या घराची सही असावी. त्या घरच्या माणसानं चेंडू डोळ्यांनी पाहावा, मगच सही करावी. मग आक्काताईंना पुन्हा वाचून दाखवलं. "बरोबर हाय न्हवं?" "बरोबर हाय," आक्काताई म्हणाल्या, आणि आत गिरणी धुवायला गेल्या. मीही मागोमाग गेले आणि खराटा हातात घेतला.

पाहुणे आले, तेव्हा साहेबांनी चांगला रस्ता नंतर दाखवला, आधी तो खड्डा दाखवला. "आमच्याकडून चूक झाली, त्यातनं हा नियम निघाला," असं सांगितलं. चूक कुणाची ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. वही मंजूर झाली, खालच्या घराच्या सहीसकट. आज आमच्या भागात चर बुजवायच्या आधी शेवटच्या घरची काकू नाहीतर आजोबा चेंबरपाशी पाट टाकून बसलेले दिसतात, ते तेव्हापासून.

मला मात्र त्यांनी सोडलं नाही. संध्याकाळी बोलावून म्हणाले, "नोकरी राहील. मी कुणाला सांगणार न्हाय. पण ह्याच्यापुढं तुमची सही मी चेंडू बघूनच मानणार." ते त्यांनी निवृत्तीच्या दिवसापर्यंत पाळलं. इतर अभियंत्यांच्या सह्या नुसत्या नजरेखालून जायच्या. माझी चाचणी असली की साहेब खालच्या चेंबरपाशी हजर. मला राग यायचा. मी नवऱ्यापाशी बोलूनही दाखवलं की म्हातारा खुनशी आहे. आज ते शब्द आठवले की कान गरम होतात.

कारण त्याच काळात याच माणसानं माझ्यासाठी काय केलं तेही सांगायला हवं. साइटवर बाईमाणसाची सगळ्यात मोठी अडचण कुठली, हे बाईला विचारावं लागत नाही, पण बाप्यांच्या ते डोक्यातच येत नाही. साहेबांच्या आलं. काम सुरू होण्याच्या पहिल्याच दिवशी ते गल्लीतल्या एखाद्या घराचं दार वाजवायचे आणि घरच्या बाईंना म्हणायचे, "अक्का, आमच्या बायका दिवसभर हितं कामाला हायत. त्यांच्यासाठी तुमचं बाथरूम उघडं ठेवा." मजूर बायका काय आणि मी काय, सगळ्यांसाठी एकच दार. साहेब स्वतः दिवस मावळायच्या आत जेवणारे, घरचा जैन रिवाज कधी मोडला नाही, आणि त्यामुळं आम्हा सगळ्यांचीही सुट्टी वेळेत व्हायची. माझी मुलगी तान्ही असताना तेवढ्यावर माझी नोकरी टिकली.

निवृत्तीनंतर साहेबांनी घर बांधलं तेही उताराच्या अगदी टोकाला. असा प्लॉट का घेतला म्हणून विचारलं तर म्हणाले, "वरनं काय काय येतंय ते बघायला." गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गल्लीची जुनी लाइन बदलायचं काम निघालं आणि ते माझ्याकडं आलं. मीही आता निवृत्तीला टेकले आहे. खालचं घर साहेबांचं, म्हणजे माझ्या सहीखाली सही साहेबांची.

चेंबरपाशी त्यांना खुर्ची दिली होती. शेजारी काठी. वर चेंडू सोडल्याचा आवाज आला, पाणी ओतायला सुरुवात झाली. मी रजिस्टर घेऊन उभी. साहेबांनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं आणि हात पुढं केला. "आणा हिकडं. तुम्ही हायसा न्हवं? करतो सही."

हे एक वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते ते माझं मला ठाऊक. डोळ्यांत पाणी आलं हेही लपवत नाही. रजिस्टर त्यांच्या मांडीवर ठेवलंसुद्धा, आणि मग परत उचललं. म्हटलं, "न्हाय साहेब. चेंडू आल्याबिगर न्हाय."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. आम्ही दोघं थांबलो. आधी गढूळ पाणी आलं, मग बराच वेळ नुसतंच पाणी. मग चेंडू आला. चेंबरात उतरलेल्या माणसानं तो वर काढून दिला, साहेबांनी टॉवेलनं पुसला, दोन्ही हातांत फिरवून पाहिला आणि माझ्या हातात ठेवला. मग माझ्या सहीखाली सही केली.

घरात चहा घेताना मी विचारलंच, "साहेब, तुम्ही विश्वासानं सही करत होता, की माझी परीक्षा बघत होता?" साहेब म्हणाले, "गुडघं दुखालतं वो. कवा एकदा आत जाऊन बसतोय असं झालतं." साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, चहा गाळता गाळता हसल्या, आणि खरं काय ते मला आजतागायत कळलेलं नाही.

साहेबांच्या गुडघ्यांना बळ मिळो, डोळे असेच धारदार राहोत आणि वयाची शंभरी त्यांनी आमच्यासमोर, आम्हाला धाकात ठेवूनच गाठावी. शहरात अजून पुष्कळ गल्ल्यांच्या लाइनी बदलायच्या आहेत. प्रत्येक उताराच्या टोकाला साहेबांनी खुर्ची टाकून बसावं आणि चेंडू येईपर्यंत आम्हाला थांबवून ठेवावं, एवढंच मागणं आहे.