आमचा क्वार्टरबॅक गेला

आमच्या क्वार्टरबॅकला टीमने सोडलं, ही बातमी मला ऑफिसच्या लिफ्टमध्ये फोनवर दिसली आणि मी माझ्या मजल्यावर उतरायचंच विसरले. ‘आमच्या’ म्हणते खरी. त्या माणसाला नकाशात अबुधाबी दाखवता येईल की नाही, देव जाणे.

हे खूळ अमेरिकेतलं. नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला दोन वर्षं तिकडच्या एका बर्फाळ शहरात ठेवलं आणि तिथून उचलून थेट अबुधाबीत आणलं. लेक तेव्हा पहिलीत. तिला इथलं ऊन नको, शाळा नको, काहीच नको. हवी होती फक्त तिकडची टीम. अमेरिकन फुटबॉल हा नावालाच फुटबॉल, चेंडू हातात घेऊनच पळतात. तो कुणाकडे टाकायचा हे ठरवतो तो क्वार्टरबॅक. त्या वर्षी हा नवा, पोरगेलासा क्वार्टरबॅक आला होता आणि फार वाईट खेळत होता. लेक म्हणाली, “ही इज ऑल्सो न्यू, आई.” त्या दिवसापासून तो आमच्या घरचा झाला.

सामने आमच्या रविवारी रात्री व्हायचे. लेकीला झोपवायचं आणि सोमवारी पहाटे, शाळेच्या बसआधी, जाहिराती पळवत पळवत रेकॉर्डिंग बघायचं. घरात नियम एकच. ज्याला निकाल कळला असेल त्याने तोंड उघडायचं नाही. नवरा उठल्या उठल्या फोन बघायचा, म्हणून त्याला पाठमोरं बसवून चहा द्यायचो. त्याचा चेहरा फितूर होता.

माझं माहेर क्रिकेटवेडं. फलंदाजांची जोडी जमली की बसल्या जागेवरून हलायचं नाही, ही तिथली शिकवण. ती मी इथेही चालू केली. एकदा मी कांदा चिरायला आत गेले आणि आमच्या क्वार्टरबॅकने लांबलचक पास टाकून सामना फिरवला. झालं! तेव्हापासून टीम अडचणीत आली की लेक ओरडायची, “आई, किचन!” सामना संपून कित्येक तास झालेले, खेळाडू तिकडे आंघोळी करून जेवायला बसलेले, आणि मी इथे ओट्यापाशी श्वास रोखून उभी. नवरा म्हणायचा, “अगं, खलास झालंय ते सगळं!” आम्ही दोघी त्याच्यावर खेकसायचो.

लेक शिकली, जबल अली बंदरात एका गोदामांच्या कंपनीत लागली, दुबईला राहायला गेली. अंतर ते कितीसं, पण घर सुटलं ते सुटलंच. एरवी फोन केला की “बिझी आहे आई, लेटर.” हंगामात मात्र सोमवारी पहाटे आम्ही फोन कानाला लावतो आणि दोघी एकदम रेकॉर्डिंग सुरू करतो. मधल्या रटाळ खेळात ती बोलते. बॉस काय म्हणाला, कुणाशी बिनसलं, झोप का लागत नाही. समोर बसवून विचारलं असतं तर यातलं अक्षर सांगितलं नसतं.

क्वार्टरबॅकचं वाईट वाटलंच. त्याच्या दाढीत पांढरं येताना मी पाहिलंय. पण लिफ्टमध्ये मी मजला विसरले ते त्याच्यासाठी नव्हतं. तो गेल्यावर लेक कशाला उठेल, कशाला फोन करेल, ही धास्ती होती.

तिला फोन लावणार तोच थांबले. तिला अजून कळलं नसेल तर? आपण कशाला सांगायचं? दिवसभर मी गप्प. तिचे मेसेज मात्र येत होते. जेवलीस का, बाबांचा खोकला कसा आहे. ही कधीपासून खोकल्याची चौकशी करायला लागली, हे माझ्या डोक्यात यायला संध्याकाळ उजाडली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात लेक, ऑफिसच्याच कपड्यांत, तेही बुधवारी.

“तुला कळलंय ना?” तिने विचारलं.

“तुला कधी कळलं?”

“मॉर्निंगलाच. मला वाटलं, तुला माहीत नाहीये. फोनवर कसं सांगणार?”

आतून नवरा म्हणाला, “मला तर पहाटेच कळलं होतं.”

आम्ही हसलो. मग सोफ्यावर बसून क्वार्टरबॅकचं निरोपाचं भाषण लावलं. तो बायकोचे आभार मानायला लागला आणि मध्येच थांबला, कागदाने तोंड झाकून घेतलं. लेकीने नाक ओढलं. माझं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच.

“पुढच्या हंगामात तू सोमवारी कशाला उठशील गं?” मी एकदाचं विचारून टाकलं.

तिने भाषण थांबवलं. “आई, सिरियसली? तुला काय वाटलं, मी पाच वाजता त्याच्यासाठी उठते?”

“मग इतकी वर्षं हे सांगायला काय झालं होतं?” मी तिच्यावर खेकसले, आणि तिचा हात धरला तो काही सोडला नाही.