उधन्याचे मास्तर आणि अण्णांचा कोट

अर्धांगवायूनंतर अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा खांदा खाली उतरला. "तुझ्या लग्नात मी मागेच बसेन," असं त्यांनी सांगून टाकलं. नंदुरबारच्या तीन दुकानांत कोट घालून पाहिले. प्रत्येक वेळी ते आरशासमोरून बाजूला झाले. मग सुरतच्या मावशीने तिथल्याच उधना भागातल्या जुन्या टेलरचं नाव सुचवलं. ते फोन उचलेनात, तरी शनिवारी सकाळची गाडी पकडलीच.

उधन्यापर्यंत साधारण चार तास. स्टेशनबाहेर गरम लोचो, म्हणजे सुरतचा मऊ, ओलसर ढोकळा खा, वरून शेव जास्त मागा. रिक्षावाल्याला 'मिलवाले मास्तर' एवढंच सांगा. आम्ही पोचलो तर शटर अर्धं खाली. वाकून हाक मारली.

"या, या! ऊन येतं म्हणून ओढलंय. मशीन चालू असलं की फोन ऐकू येत नाही."

मास्तर सत्तरीचे. त्यांचे वडील खान्देशातून गिरणीत आले, पाळी संपल्यावर कामगारांचे कपडे शिवायचे. एकदा मालकांचा फाटलेला कोट त्यांनी असा रफू केला, की मालक पुढचा कोट शिवायला इथेच आले. त्यांच्यामागून हिरेवाले, वकील, नाटकात राजा होणारा एक नट.

हे ऐकून अण्णा दारातच थबकले. "मोठ्या लोकांचं दुकान हे. चल."

"तुमनं गाव कोनतं?" मास्तरांनी आमच्याच अहिराणीत विचारलं. अण्णा आत येऊन बसले.

मग मास्तरांनी मापांची जुनी वही उघडली. "नाव अंगठ्याखाली झाकतो हं. हे मोठे शेठ, उजवा खांदा दीड इंच खाली. हे वकील, पाठीला पोक. हा आमचा राजा, एक हात आखूड. सरळ माणूस माझ्याकडे कशाला येईल? तो रेडीमेड घेतो."

अण्णा खळखळून हसले आणि माप द्यायला उभे राहिले.

रात्री जवळच्याच नवागामला मावशीकडे मुक्काम. रविवारी दुपारी कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढला. अण्णा आरशासमोर वळून वळून पाठ बघत होते.

"खांदा कुठे गेला?"

"जागेवरच आहे. आतून गादी दिलीय."

मी बाहेर येऊन मावशीला फोन लावला आणि कोट बसल्याचं सांगितलं.

कोटाला तीन आठवडे लागतात, त्या हिशेबाने जा. लग्नात अण्णा मंडपाच्या दारात उभं राहून सगळ्यांचं स्वागत करत होते. दुपारी उकाडा वाढला. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि तसेच, एक खांदा खाली, व्याह्यांच्या पंगतीत जिलेबी वाढायला निघाले.