शिवकांताच्या न्हाणीतले शिंपले

श्रावणात जिच्या घरात कांदासुद्धा येत नसे, त्या शिवकांताच्या दारात एका दुपारी तिचा नवरा निळ्या प्लॅस्टिकच्या टबात जिवंत शिंपले घेऊन उभा राहिला.

गुरुलिंग लातुरात कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. लग्न ठरताना तिच्या निलंग्याच्या माहेरी ‘शास्त्राच्या कॉलेजात नोकरीला आहे’ एवढंच सांगितलं होतं. बेडूक, मासे आणि त्यांच्या बरण्या तिला नंतर कळल्या. तेव्हापासून तिचा नियम होता : आल्यावर आधी न्हाणीत अंघोळ, मग धुतलेले कपडे, मगच स्वयंपाकघराचा उंबरा. संसाराला वीस वर्षं होत आली तरी त्यानं तो मोडला नव्हता.

“हे कशाला आणलं?” ती दार अडवून उभी राहिली.

“कॉलेजात नळाला पाणी न्हाई. सर म्हणले, मरतील. आपल्याकडं पार्वतीकाकूंची विहीर हाय.”

“मरंनात. कुणाला खायचेत?”

“खायला न्हाईत गं. तपासायला हाईत.”

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नव्या कचेऱ्या आल्या, कारकून आले, खोल्यांची भाडी वाढली, आणि पाऊस त्याच वर्षी रुसला. नगरपालिकेचा टँकर मनात आलं की यायचा. गल्लीला खरा आधार एकच, घरमालकीण पार्वतीबाईंची विहीर. पाणी गोड होतं. त्या विहिरीमागं पार्वतीबाईंच्या लेकाचं, सिद्धलिंगचं, सायकलच्या भागांना मुलामा द्यायचं दुकान होतं. तिथलं पाणी गटारीत जायचं. गटार कुठं जाते, हे कुणी विचारलं नव्हतं.

गुरुलिंगनं तिला समजावलं. शिंपला दिवसभर पाणी आत ओढतो, बाहेर सोडतो. पाण्यातलं जस्त, शिसं असलं काही त्याच्या अंगात साठत जातं. पाण्यात जे नजरेला दिसत नाही, ते त्याच्या मांसात सापडतं. त्याच्या प्रयोगशाळेतले सोनकांबळे सर गावातल्या नाल्याखालचे शिंपले आणि एका स्वच्छ तळ्यातले शिंपले ताडून बघत होते. घरी आलेले तळ्यातले.

“म्हंजे ते घाण पिऊन सांगणार, घाण हाय म्हणून.”

“तसंच. फक्त ह्या टबातच राहू दे. सरांनी बजावलंय.”

‘ह्या टबातच’ का, ते त्यानं सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.

शिंपले न्हाणीच्या कोपऱ्यात राहिले. ती रोज विहिरीचं पाणी बदलायची, तोंडाला पदर लावून. पुढं लेक जगदेवी पहिल्या बाळंतपणाला उदगीरहून आली. पोट पुढं, पाय सुजलेले, आणि सारखी तहान. त्याच आठवड्यात टँकर आला. शिवकांतानं घरातली सगळी भांडी भरली, तरी नळी चालूच होती. तिची नजर निळ्या टबावर गेली. एवढा मोठा टब किड्यांना आणि पोटुशा पोरीला कळशी? तिनं जुन्या जस्ताच्या बादलीत शिंपले ओतले, टब राखेनं तीनदा घासला आणि टँकरखाली लावला. ते पाणी संपलं की पुन्हा विहीर होतीच.

शिंपले कॉलेजात परत गेले, तिथून औरंगाबादला यंत्रावर तपासायला गेले, आणि त्याची उत्तरं आली तेव्हा गुरुलिंग न्हाणीत न जाता तसाच ओट्यावर बसला.

“काय झालं?”

“आपल्या शिंपल्यात जस्त निघालं. नाल्याच्या शिंपल्यांपेक्षा जास्ती. सर म्हणतात, मी दोन्ही टब उलटेपालटे केले. मी न्हाई केलं गं.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर स्वतः सायकलवर आले. उंच, बारीक माणूस, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. त्यांनी न्हाणी पाहिली, कोपऱ्यातली बादली पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“वहिनी, ह्याच्यात ठेवले होते?”

“टब पाण्याला लागला सर. पोरगी बाळंतपणाला आलीय.”

“ह्या बादलीचंच जस्त उतरलं असेल.” मग ते मागच्या बाजूला गेले. विहिरीत डोकावले, मुलाम्याचं दुकान बघितलं, गटारीच्या कडेनं चालले आणि परत आले. “किंवा विहिरीचं. किंवा दोन्हीचं.”

“मंग विहीर खराब हाय का?”

“तसं मी म्हटलेलं नाही.”

शिवकांता आत गेली. पाहुण्याला आधी पाणी. तिनं घागरीतून पेला भरला, बाहेर आली, आणि उंबऱ्यावरच तिच्या डोक्यात आलं, हे विहिरीचंच. टँकरचं कालच संपलं. ज्या पाण्याबद्दल हा माणूस शंका घेऊन राहिलाय, तेच त्याला द्यायचं? तिचा हात मागं गेला.

सरांनी पेल्याकडं पाहिलं. मग तिच्या गळ्यातल्या लिंगाच्या करंडीकडं. मग खाली.

“राहू द्या वहिनी. मी पिऊनच निघालोय.”

एवढ्या उन्हात सायकल मारून आलेला माणूस पाणी नको म्हणतो, म्हणजे पाणी खराबच. शिवकांतानं पेला मोरीत ओतला. आतून जगदेवीनं हाक मारली, “अव्वा, पाणी दे गं,” तर ती घागरीपाशी जाऊन तशीच परत फिरली. तिनं पोरीला लिंबू चोखायला दिलं.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला गाठलं. “सर प्याले न्हाईत. त्यांना कळलंय, आपल्याला सांगंनात.”

“तू हात मागं घेतलास!” गुरुलिंग कधी नव्हे तो ओरडला. “उंबऱ्यावर पेला धरून थांबलीस. त्यांनी काय समजायचं? मी त्यांच्या घरी बसून भाकरी खातो, नि माझ्या घरात—”

“तुम्ही त्यांच्याकडं जेवता?”

“...चहा घेतो.”

“भाकरी म्हणला तुम्ही.”

“अप्पा जेवतेत, मला ठावं हाय,” आतून जगदेवी म्हणाली. “पाणी देतंय का कुणी?”

जात शिवकांताच्या मनात नव्हतीच असं तिनं पुढंही कधी म्हटलं नाही. फक्त त्या दुपारी ती मनात नव्हती, आणि नेमकी त्याच दुपारी ती दिसली.

सकाळी ती आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात गेली. प्रयोगशाळेच्या दारात नाकाला पदर लावून उभी राहिली. सर उठले.

“काल मी पाणी मागं घेतलं सर—”

“असू द्या वहिनी. सवय आहे.”

“त्याच्यासाठी न्हवं! तुम्हीच म्हणला, विहिरीचं असंल. पाव्हण्याला शंकेचं पाणी कसं द्यावं?”

सर हसायला लागले. “आणि मला वाटलं...”

“आणि मला वाटलं, मोठा मास्तर पीत न्हाई म्हंजे पाणी खराबच. रातभर पोरीला शेजारचं उसनं पाणी पाजलं. ते बी त्याच विहिरीचं, सकाळी कळलं.” ती हसली नाही. “खरं सांगा. पोरीला पाजू का नको?”

“मला माहीत नाही वहिनी.”

“त्या यंत्राला तरी?”

“यंत्र शिंपल्याचं सांगतं. शिंपल्यात साठलं म्हणजे पाण्यात तेवढंच आहे असं नाही. आणि जस्त माणसाला तेवढं बाधत नाही. पण मुलाम्याच्या पाण्यात नुसतं जस्तच असतं असंही नाही.”

“म्हंजे हो का न्हाई?”

“पुन्हा ठेवावे लागतील. विहिरीचंच पाणी, पण प्लॅस्टिकच्या टबात. मग बादली बाजूला होईल. बाकीचंही तपासायला सांगतो. महिना तरी जाईल.”

“बाळंतपण महिना थांबत न्हाई सर.”

“उकळून...”

“उकळून जातं?”

“नाही,” सर म्हणाले. “त्यानं हे जात नाही.”

ती टब द्यायला कबूल झाली. टब रिकामा करायचा म्हणजे टँकरचं पाणी साठवायला मोठं म्हणून पुरणाचं पातेलं तेवढं उरलं. नवे शिंपले आले, न्हाणीत निळ्या टबात बसले. आणि शिवकांता टँकरच्या रांगेत. गल्लीत विहीर असताना उन्हात रांगेत उभं राहायचं म्हणजे लोक विचारणारच. तिनं सांगून टाकलं. जेवढं माहीत होतं तेवढंच, पण तेवढंही नीट सांगता येईना.

पार्वतीबाई ओट्यावरूनच कडाडल्या. “शिवे, माझ्या विहिरीला नावं ठेवतीस? सासऱ्यापासून ह्या पाण्यानं लिंगपूजा करून राहिलो आम्ही. कोण म्हणलं खराब हाय?”

“खराब हाय असं न्हाई काकू. चांगलं हाय असं बी कुणी म्हणंना.”

“मंग कोण सांगतंय?”

“शिंपले.”

गल्ली खदखदून हसली. सिद्धलिंगनं दुसऱ्या दिवशी गटारीवर फरशी टाकली. पार्वतीबाईंनी शिवकांताशी बोलणं बंद केलं, आणि खोली सोडायला सांगतील की काय म्हणून गुरुलिंगचं जेवण कमी झालं. शिवकांतालाही रांगेत वाटायचं, उगंच तर करून राहिलो न्हाई ना आपण? पण घरी येऊन जगदेवीला पेला द्यायची तो पातेल्यातलाच. बाकी घर विहिरीचं प्यायचं, स्वतः तीसुद्धा.

जगदेवीला मुलगी झाली. घरात मिरी-सुंठीचा वास भरला असताना सर दुसरं उत्तर घेऊन आले. तळ्यातच राहिलेल्या शिंपल्यांपेक्षा जस्त जास्त, बादलीतल्यांपेक्षा बरंच कमी. बाकीच्या धातूंचे आकडे इतके बारीक, की आहेत म्हणावं तरी पंचाईत, नाहीत म्हणावं तरी पंचाईत.

“म्हंजे बादली बी खरी नि विहीर बी खरी?” शिवकांता म्हणाली.

“काहीतरी येतंय विहिरीत. कुठून, किती, ते अजून...”

“बसा,” ती म्हणाली आणि आत जाऊन पेला घेऊन आली. “टँकरचं हाय.”

सरांनी सगळा पेला रिकामा केला.

ते गेल्यावर ती बाळाचे लंगोट वाळत घालत होती, तेव्हा मागच्या दारात तांब्या वाजला. पार्वतीबाई. इतक्या दिवसांनी.

“टँकरचं हाय का गं थोडं?”

“हाय की. कामून?”

“दवा घ्यायचीय. रक्तदाबाची.”

शिवकांतानं पातेल्यावरचं झाकण काढलं, तांब्या भरला. “आणि काकू, विहिरीचं?”

“ते हाय की भांडी घासायला,” पार्वतीबाई म्हणाल्या. तांब्यावर पदर झाकून घेतला आणि गल्लीला दिसेल म्हणून पुढच्या दारानं न जाता न्हाणीकडून गेल्या.